विश्लेषण : पाळीच्या आधीच लोकांसमोर बोलायची भीती का वाढते? हार्मोन्सचा यात किती हात?

गेल्या महिन्यात ज्या मीटिंगमध्ये ती न अडखळता बोलली, त्याच मीटिंगमध्ये या महिन्यात तिने कॅमेरा बंद ठेवला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही चॅटमध्ये लिहून पाठवले. लोक तेच, विषय तोच, तयारीही तेवढीच. दोन-तीन दिवसांनी पाळी आली आणि छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. असा अनुभव अनेक महिला सांगतात. त्यावर त्यांना दोन ठरलेली उत्तरे मिळतात. ‘सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे एक आणि ‘तिचे दिवस जवळ आले असतील, लक्ष देऊ नका’ हे दुसरे. गेल्या काही दशकांतील संशोधन या दोन्ही उत्तरांना खोडून काढते. ते कसे, हे समजून घेऊ.

सामाजिक चिंता म्हणजे लाजाळूपणाच ना?

नाही. नव्या माणसांत थोडे बावरणे हा स्वभाव झाला. चार लोक आपल्याकडे बघतील, आपले काहीतरी चुकेल आणि आपले हसे होईल, या भीतीने माणूस बोलणे, खाणे, फोन उचलणे, कार्यक्रमाला जाणे टाळू लागतो, तेव्हा त्याला सामाजिक चिंता म्हणतात. हे साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकले आणि त्याने शिक्षण, नोकरी किंवा नातेसंबंधांत अडथळा येऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञ त्याला विकार मानतात. छाती धडधडणे, हात थरथरणे, घाम फुटणे, चेहरा लाल होणे, आवाज न फुटणे ही त्याची शारीरिक लक्षणे. हा विकार बहुतेक वेळा ८ ते १५ या वयात सुरू होतो.

मुलगी गप्प राहते, पाहुण्यांसमोर येत नाही, वर्गात हात वर करत नाही, तर आपल्याकडे ‘फार साधी, लाजाळू आहे’ असे कौतुकाने सांगितले जाते. मुलगा असा वागला, तर मात्र घरचे काळजीत पडतात. त्यामुळे मुलीचा त्रास गुण म्हणून खपून जातो.

महिलांमध्ये हे प्रमाण जास्त आहे का?

हो. सर्वसामान्य लोकसंख्येच्या पाहण्यांमध्ये सामाजिक चिंता पुरुषांपेक्षा महिलांमध्ये जास्त आढळते, साधारण दीड ते सव्वादोन पट. हा फरक किशोरवयात आणि तरुणपणी अधिक ठळक असतो. पण उपचारासाठी दवाखान्यात येणाऱ्यांची मोजणी केली, की चित्र बदलते. तेथे पुरुषांची संख्या महिलांइतकी किंवा किंचित जास्त भरते. म्हणजे त्रास महिलांना जास्त आणि मदत मागायला येतात पुरुष. पुरुषाने बोलके, धीट असावे अशी अपेक्षा असल्याने त्याची भीती लवकर डोळ्यांवर येते, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते.

मुलींमध्ये हा फरक वयात येण्याच्या सुमारास रुंदावतो, म्हणून संशोधकांचे लक्ष हार्मोन्सकडे गेले. अर्थात त्याच वयात मुलीच्या दिसण्यावर, चालण्याबोलण्यावर चारी बाजूंनी शेरे सुरू होतात, हेही विसरून चालणार नाही. शरीर आणि समाज, दोन्ही एकाच वेळी बदलत असतात.

महिन्याभरात शरीरात नेमके काय बदलते?

पाळीचे चक्र सरासरी २८ दिवसांचे धरले जाते. प्रौढ महिलांमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्रही सामान्यच. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या टप्प्यात इस्ट्रोजेन हळूहळू वाढते आणि बीजांड बाहेर पडण्याच्या थोडे आधी शिखर गाठते. त्यानंतरच्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन वाढते. गर्भधारणा झाली नाही, तर पाळीच्या आधीच्या काही दिवसांत ही दोन्ही हार्मोन्स खाली येतात.

ही हार्मोन्स फक्त गर्भाशयासाठी काम करतात, असा समज आहे. प्रत्यक्षात मेंदूतही त्यांना प्रतिसाद देणारी केंद्रे आहेत. भीतीची घंटा वाजवणारा अमिग्डला आणि ती घंटा शांत करणारा कपाळामागचा भाग, दोन्हींवर त्यांचा परिणाम होतो. ‘हा प्रसंग आता धोक्याचा नाही’ हे शिकलेले लक्षात ठेवण्याचे काम इस्ट्रोजेनची पातळी चांगली असताना अधिक नीट होते, असे प्रयोगशाळेतील काही अभ्यासांत दिसले आहे.

प्रोजेस्टेरॉनची गोष्ट आणखी रंजक आहे. त्यापासून शरीरात ॲलोप्रेग्ननोलोन नावाचे द्रव्य तयार होते. मेंदूला शांत करणारी जी ‘गाबा’ यंत्रणा आहे, तिच्यावर ते काम करते. चिंता कमी करणाऱ्या आणि झोपेच्या काही गोळ्या याच यंत्रणेवर परिणाम करतात. त्या हिशेबाने प्रोजेस्टेरॉन वाढले की मन शांत व्हायला हवे. बऱ्याच जणींना त्याचा काही त्रास होतही नाही. काही जणींमध्ये मात्र उलट घडते. त्याच द्रव्याच्या चढउताराने चिडचिड, अस्वस्थता आणि भीती वाढते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी याच द्रव्यावर आधारित औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. ते शिरेतून द्यावे लागे. त्याच पद्धतीने काम करणारी, तोंडाने घेण्याची झुरानोलोन ही गोळी २०२३ मध्ये मंजूर झाली.

मग ज्यांना त्रास होतो, त्यांची हार्मोन्स बिघडलेली असतात का?

या प्रश्नाचे उत्तर १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील एका प्रयोगाने दिले. तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीपूर्वी तीव्र त्रास होणाऱ्या आणि असा त्रास कधीच न होणाऱ्या महिलांना औषध देऊन त्यांच्या बीजांडकोशांचे काम तात्पुरते थांबवण्यात आले. त्रास होणाऱ्यांपैकी अनेकींची लक्षणे कमी झाली. मग अशा दहा जणींना आणि त्रास नसलेल्या १५ जणींना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा देण्यात आले. पहिल्या गटात लक्षणे परत आली. दुसऱ्या गटात तीच हार्मोन्स देऊनही काहीच झाले नाही.

निष्कर्ष साधा आहे. हार्मोन्सची पातळी दोन्हींकडे सामान्य होती. वेगळी होती ती मेंदूची संवेदनशीलता. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे, तर सिग्नल सारखाच, पण रिसीव्हरचा गेन वेगळा. त्याच संशोधकांच्या २०१७ मधील अभ्यासात असेही दिसले, की हार्मोनची पातळी बदलते तेव्हा लक्षणे उसळतात, ती एका जागी स्थिर झाली की पुढे ओसरतात. त्याच वर्षी या महिलांच्या पेशींमध्ये काही जनुकांचे काम वेगळ्या पद्धतीने चालते, असेही आढळले. म्हणजे ‘मनाचे खेळ’ हे पहिले उत्तर येथे निकालात निघते.

एक व्यावहारिक गोष्टही यातून कळते. ‘हार्मोनची रक्ततपासणी केली, सगळे नॉर्मल आहे, म्हणजे तुला काही झालेले नाही’ हे वाक्य अनेकींना ऐकावे लागते. पातळी नॉर्मल असूनही त्रास खरा असू शकतो.

लोकांसमोर बोलण्याचा ताण तारखेनुसार बदलतो का?

हे तपासण्याची एक प्रसिद्ध पद्धत जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झाली. व्यक्तीला थोडी तयारी करू द्यायची, मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर नोकरीच्या मुलाखतीसारखे पाच मिनिटे बोलायला लावायचे. नंतर मोठ्या संख्येतून ठरावीक संख्या वजा करत मोठ्याने उत्तरे सांगायची. चुकले की पुन्हा सुरुवातीपासून. तोंडी परीक्षेत घाम फुटलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही, की ही पद्धत चांगलाच ताण देते.

याच पद्धतीने १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासात लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाचे हार्मोन मोजले. चक्राच्या उत्तरार्धातील महिलांमध्ये ते पुरुषांइतकेच वाढले. पूर्वार्धातील आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिलांमध्ये त्याची वाढ कमी होती. प्रसंग एकच, पण शरीराचा प्रतिसाद तारखेनुसार वेगळा. कॉर्टिसॉल म्हणजे भीती नव्हे, हे खरे. तरीही आधीच चारचौघांची धास्ती असलेल्या मुलीला उत्तरार्धात हा डोंगर जास्त उंच का वाटू शकतो, याची कल्पना यातून येते.

आधीपासून असलेला विकार पाळीपूर्वी बळावणे आणि त्रास फक्त पाळीपूर्वीच होणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या प्रकारात भीती महिनाभर असते, शेवटच्या आठवड्यात ती वाढते. दुसऱ्या प्रकारात पाळी आल्यावर काही दिवसांत ती जवळपास नाहीशी होते. दुसरा प्रकार तीव्र असेल, तर त्याला ‘पीएमडीडी’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत २०१३ पासून त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान आहे. दोन्हींचे उपचार काहीसे वेगळे असल्याने हा फरक ओळखणे महत्त्वाचे.

म्हणजे प्रत्येकीलाच पाळीपूर्वी भीती वाटते?

अजिबात नाही. दुसरे उत्तर खोडले जाते ते येथे. महिलांच्या मनःस्थितीची रोजच्या रोज नोंद ठेवणाऱ्या ४७ अभ्यासांचा आढावा २०१२ मध्ये घेण्यात आला. त्यातील फक्त सात अभ्यासांत खराब मनःस्थितीचा संबंध केवळ पाळीपूर्वीच्या दिवसांशी आढळला. तीव्र स्वरूपाचा पीएमडीडी तर पाळी येणाऱ्या शंभर महिलांपैकी मोजक्याच जणींना असतो.

अपेक्षेचाही परिणाम होतो. १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना यंत्राने तपासल्याचे भासवून ‘तुमची पाळी एक-दोन दिवसांत येणार आहे’ असे सांगितले गेले. ज्यांना असे सांगितले, त्यांनी पाळीपूर्वीची लक्षणे जास्त असल्याचे नोंदवले. प्रत्यक्षात सगळ्याच जणी चक्राच्या साधारण सारख्याच टप्प्यावर होत्या. म्हणूनच ‘आठवून सांगा’ यापेक्षा रोजची नोंद अधिक भरवशाची.

आयुष्यातील इतर टप्प्यांवर काय होते?

बाळंतपणानंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येतात. त्याच काळात बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि ‘दूध पुरते का’, ‘बाळ रडते का’ अशी तपासणीही सुरू होते. नवी आई पाहुण्यांना टाळत असेल, तर तिला माणूसघाणी ठरवण्याआधी तिची विचारपूस व्हायला हवी.

रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत हार्मोन्स सरळ रेषेत कमी होत नाहीत, ती वरखाली होत राहतात. भर बैठकीत अचानक अंगातून वाफा निघणे, चेहरा लाल होणे, घामाने ब्लाउज भिजणे हे सगळे लोकांसमोर घडते. वर्षानुवर्षे वर्गासमोर उभ्या राहिलेल्या शिक्षिकेला वयाच्या ४७व्या वर्षी अचानक भाषणाची धास्ती वाटू लागली, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

पीसीओएस असलेल्या महिलांमध्ये चिंतेचे प्रमाण जास्त आढळते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रत्येक महिलेची चिंता आणि नैराश्यासाठी तपासणी व्हायला हवी. येथे हार्मोन आणखी एका वाटेने मनापर्यंत पोहोचते. हनुवटीवरचे केस, मुरमे, वाढलेले वजन आणि त्यावर लग्नघरात होणारी कुजबुज. अशा वेळी ‘लोक माझ्याकडेच बघताहेत’ ही भीती नेहमीच कल्पनेतली नसते.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांचे काय?

गणपती, सत्यनारायण, घरातील लग्न किंवा तीर्थयात्रा आली, की मेडिकलमधून परस्पर या गोळ्या आणल्या जातात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. ते प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन आहे. मनःस्थिती बदलणे हा त्याच्या संभाव्य दुष्परिणामांपैकी एक. ज्यांना आधीच चिंता किंवा नैराश्य आहे किंवा रक्ताच्या गाठींचा त्रास झालेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. कार्यक्रमासाठी गोळी घेतली आणि कार्यक्रमातच जीव घाबरा झाला, असे घडले तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

स्वतःपुरते काय करता येईल?

सर्वांत स्वस्त आणि उपयोगी साधन म्हणजे नोंद. किमान सलग दोन चक्रे रोज रात्री चार गोष्टी लिहा : पाळीचा कितवा दिवस, आज लोकांसमोर जाण्याची भीती शून्य ते दहापैकी किती, काय टाळले आणि झोप किती झाली. पीएमडीडीच्या निदानासाठी डॉक्टरही दोन चक्रांची अशी रोजची नोंद मागतात. दोन महिन्यांनी आकडे समोर ठेवले, की भीती महिनाभर आहे, ठरावीक दिवसांत वाढते की तिचा पाळीशी संबंधच नाही, हे स्पष्ट होते. हे तिसरे उत्तरही तितकेच मोलाचे.

नोंदीसाठी ॲप वापरत असाल, तर त्याच्या परवानग्या तपासा. पाळीची नोंद ठेवणाऱ्या एका लोकप्रिय ॲपने वापरकर्त्यांची माहिती इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये कारवाई केली होती. साधी वहीसुद्धा पुरते.

नोंदीचा उपयोग सगळे टाळण्यासाठी करू नका. टाळल्याने भीती वाढते, हा या विकाराचा मूळ नियम आहे. मुलाखतीची तारीख निवडायची मुभा असेल, तर जरूर निवडा. नसेल, तर ‘आज घंटा जरा मोठ्याने वाजते आहे, आग लागलेली नाही’ एवढे स्वतःला सांगणेही कामी येते.

उपचार आहेत का?

आहेत आणि ते चांगले काम करतात. भीतीच्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत आणि एसएसआरआय गटातील औषधे हे सामाजिक चिंतेवरील मुख्य उपाय. पीएमडीडीमध्ये हीच औषधे काही जणींना फक्त पाळीपूर्वीच्या दोन आठवड्यांतही दिली जातात. काही गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो, मात्र काही जणींना त्याच गोळ्यांनी मनःस्थितीचा त्रास वाढतो. त्यामुळे मैत्रिणीला लागू पडलेली गोळी स्वतःहून सुरू करू नये आणि चालू औषध मनाने बंदही करू नये.

बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार चिंता-नैराश्यासारखे सर्रास आढळणारे मानसिक विकार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आणि मराठीतही बोलता येते. पाळीपूर्वीच्या दिवसांत जीव नकोसा वाटत असेल, तर पाळी येण्याची वाट पाहू नका, लगेच फोन करा.

या माहितीचा वापर महिलांविरुद्ध होणार नाही ना?

हा धोका खरा आहे. मासिक पाळीच्या रजेवरील वादात तो वारंवार पुढे येतो. बिहारमध्ये सरकारी महिला कर्मचाऱ्यांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस विशेष रजा मिळते. कर्नाटकने २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस भरपगारी रजेचे धोरण आणले. दुसरीकडे अशी रजा सक्तीची केली तर मालक महिलांना नोकरीच देणार नाहीत, अशी चिंता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये व्यक्त केली होती.

हार्मोन्स आणि भीती यांचा संबंध मान्य केला, की ‘मग बायकांना महत्त्वाची कामे कशाला द्यायची’ असे म्हणणारे निघतीलच. त्यांच्यासाठी उत्तर तयार आहे. भीती वाटणे आणि काम न जमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मरणशक्ती, एकाग्रता, तर्क यांवर पाळीच्या चक्राचा काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या शंभरहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धीच्या कामगिरीत चक्रानुसार फरक पडतो, याचा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणजे ती त्या दिवशी कमी बोलली असेल, पण तिचे काम कमी प्रतीचे नव्हते.

म्हणून तारीख ही तिची माहिती आहे, इतरांच्या हातातील शेरा नव्हे. तिने स्वतः ‘या आठवड्यात मला जड जाते’ असे सांगितले, तर ते ऐकून घ्यावे. तिने न सांगता इतरांनी कॅलेंडरकडे बघून हसू नये. एकेकाळी पाळीच्या चार दिवसांत तिला घराच्या कोपऱ्यात बसवले जायचे. आता विज्ञानाचे नाव पुढे करून तिला मीटिंगच्या कोपऱ्यात बसवले जाऊ नये. घरी मुलगी वयात येत असेल, तर पॅड कसे वापरायचे हे सांगताना एक वाक्य आणखी सांगता येईल : काही दिवस लोकांत जायला नकोसे वाटले, तर ते लपवू नकोस, आम्हाला सांग. एवढे सांगितले, तरी अनेक वर्षांचे गप्प राहणे वाचू शकते.